आई आहे?

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नारळी पौर्णिमा, मंगळवार

चि. दिगूस शालनताईचे आशीर्वाद.

फोनवर तू माझं "दिगू" एवढंही पुरतं ऐकून घेत नाहीस, खटकन ठेवतोस. दोन वर्षं मी दर महिन्याला लावते आणि दर महिन्याला तू ठेवतोस. त्या फोनचा खर्च मी वहीत देवधर्माच्या सदरात मांडते. तिथूनही उत्तर येत नाही आणि तरी सोडवत नाही. म्हणून आता पत्र. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

सोबत राखी आहे. पोचेपर्यंत गणपती येतील, तरी बांध.

विचारायचं एकच आहे, ते आधीच विचारते. आई कशी आहे? दोन ओळी लिही. भांडण तुझंमाझं आहे. तिला मी थोडे दिवस इकडे आणते म्हणाले आणि पासपोर्टचे कागद घेऊन आले, तर तू म्हणालास की लोक म्हणतील, मुलानं आईला परदेशी हाकललं. बरं, नाही आणली. पण ती बसते कशी, जेवते काय, एवढं तरी कळू दे. तिला लिहिता येत नाही आणि फोन तुझ्या खोलीत.

आजच लिहायला बसले त्याला कारण घडलं. काळजीचं नाही. काल इथं वू लान झालं. त्यांच्या सातव्या महिन्याची पौर्णिमा, आपल्या पितृपक्षासारखी म्हण, फक्त यात जिवंत आईलाही वाटा असतो. पॅगोड्याच्या पायऱ्यांवर राखाडी झगे घातलेल्या मुली दोन टोपल्या घेऊन उभ्या असतात. कापडी गुलाब, एकीत लाल, एकीत पांढरे. आलेल्या प्रत्येकाला विचारतात, "आई आहे?" आहे म्हटलं की लाल, नाही म्हटलं की पांढरं छातीवर टाचतात. अकरा वर्षं मी आमच्या घरमालकीण ख्वेआजीबरोबर जाते. देव तो देव. आजी दर वर्षी त्या मुलींना म्हणते, "पांढरं दे, आणि नीट बघून दे. मागच्या वर्षीच्याला पाकळ्या कमी होत्या. आई गरीब होती म्हणून काय झालं?"

मला विचारलं, मी "आहे" म्हणाले, लाल टाचलं.

बाहेर पडलो. फाटकापाशी लोकांनी बेवारशी आत्म्यांसाठी तांदूळ-मीठ उधळलेलं होतं, रस्ता नुसता निसरडा. एक मोटरसायकलवाला केळ्यांचे घड लादून येत होता. त्या तांदळावरून त्याचं चाक सरकलं आणि तो आडवा आमच्यावर. माझ्यापुढे एक बाई होती, ती आणि मी गटाराच्या कडेला पडलो. मोठं काही नाही, हाताला खरचटलं. चारजणींनी उचललं, धूळ झटकली, आणि कुणीतरी खाली पडलेली फुलं गोळा करून आमच्या छातीवर पुन्हा टाचली. "आईचं फूल रस्त्यात ठेवू नये गं बायांनो," म्हणाली.

घरी ख्वेआजी हाताला तिचं ते हिरवं तेल चोळत होती. चोळता चोळता थांबली. तिची नजर माझ्या छातीवर. मी खाली बघितलं.

फूल पांढरं होतं.

आजीनं तेलाची बाटली बंद करून ठेवली. 

मला असल्या गोष्टी पटत नाहीत. तरी आईचं कळव.

तुझी,
शालनताई


गोकुळाष्टमी, मंगळवार

चि. दिगू,

आशीर्वाद. मागचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. त्यात खरचटलं लिहिलं ते पुरतं खरं नाही, डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. ह्यांना कारखान्यात गाळपाआधीची कामं, मग घरातलं एका हातानं चाललंय. कणीक ख्वेआजी मळून देते आणि दर वेळी म्हणते, "एवढा जोर लावून शेवटी भाकरी चपटीच करता तुम्ही."

दुसऱ्या दिवशीच तिनं मला सांगितलं, ते फूल घरात ठेवू नकोस, टाकूही नकोस. जिचं आहे तिच्या हातात दे आणि आपलं आपल्या हातानं घे. हे इथलं शास्त्र आहे की आजीचं स्वतःचं, देव जाणे. पॅगोड्यातल्या भिक्षुणी माताजी हसल्या, म्हणाल्या, कापड आहे ते. पण मी गेले. का गेले ते विचारू नकोस.

ती बाई बंदरावर जाळी विणते. मुइ तिचं नाव, पस्तिशीची असेल. नायलॉनच्या दोऱ्यानं तिची बोटं सगळी चिरलेली. मी म्हणाले, "त्या दिवशी आपली फुलं बदलली. तुझं पांढरं आणलंय, माझं लाल दे."

तिच्या गाठी मारणं चालूच. "बसा ताई. हात मोडला वाटतं तुमचा. माझं नुसतं ढोपर फुटलं. देव माणूस बघून मारतो."

शेजारी एक म्हातारी विणत होती. ती म्हणाली, "देऊन टाक की गं. कापडाचं फूल, सोन्याचं नव्हे."

"सोन्याचं असतं तर दिलं असतं," मुइ म्हणाली.

मग तिनं सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना तिची आई रात्री एका होडीत बसून गेली. त्या काळात खूप लोक गेले, इथं त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. जाताना लेकीला म्हणाली, मामाकडे जाऊन येते. होडी कुठं लागली की लागलीच नाही, आजवर पत्ता नाही. मुइ म्हणाली, "दर वू लानला त्या मुली विचारायच्या, आई आहे? मी म्हणायची, माहीत नाही. माहीत नाही याची टोपली नसते, ताई. मी तशीच आत जायची."

यंदा तिच्या भावानं ठरवलं की पुरे झालं. समुद्रानं ज्यांना परत दिलं नाही त्यांची इथं वाऱ्याची कबर करतात. मातीचं माणूस घडवायचं, तुतीच्या काटक्या हाडं म्हणून आत घालायच्या, नाव घेऊन पुरायचं. आठव्या महिन्याची पौर्णिमा झाली की करायचं ठरलं. मुइनं होय म्हटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलींना म्हणाली, आई नाही. पांढरं लावून घेतलं.

"आणि फाटकाबाहेर पाय ठेवला नाही तोच पांढऱ्याचं लाल झालं. आता तुम्हीच सांगा, कुणी केलं हे?"

"मोटरसायकलवाल्यानं," मी म्हणाले.

म्हातारी खदखदून हसली. मुइ हसली नाही. तिनं विचारलं, "तुमची आई कुठं असते?"

"भारतात. भावाकडे."

"शेवटचं कधी बोललात?"

मी म्हणाले, परवाच. दिगू, परक्या बाईला घरची भांडणं कशाला सांगायची? तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

लाल फूल तिनं दिलं नाही. पांढरं मी परत आणलं. ते मी देवघरात नाही, कणग्यांच्या मागच्या फळीवर ठेवलंय.

एक ओळ लिही. "आई बरी आहे" एवढीच. सही नको.

शालनताई


श्रावण वद्य एकादशी, शनिवार

चि. दिगू,

उपास आहे, त्यामुळे दुपार मोकळी. मुइनं आणून दिलेली रताळी उकडली, तेवढंच खाल्लं.

हो, मुइ रोज येते. बंदरावरून घरी जाताना आमच्या दारात सायकल लावते. कधी रताळी, कधी शेंगा, कधी नुसता केळीचा पाला. मी पैसे देऊ केले तर म्हणते, "बहिणीला कुणी पैसे देतं का?" माझ्या हाताकडे बघते, पाणी भरून देते. आणि निघताना, पायात चपला सरकवताना, खाली बघून विचारते, "घरून काही आलं?"

मी म्हणते, नाही.

"येईल," म्हणते. फार मायेनं म्हणते.

पहिले दोन दिवस मला तिचं कौतुक वाटलं. ख्वेआजी ओट्यावर सुपारी कातरत हे सगळं ऐकायची. परवा मुइ गेल्यावर म्हणाली, "ती कशाची वाट बघते, कळतंय का तुला?"

"माझ्या आईची खुशाली कळावी म्हणून."

"खुशाली? खुळी आहेस." आजीनं अडकित्ता खाली ठेवला. "अगं, फुलं बदलली हा तिला कौल वाटतो. तुझं पांढरं खरं निघालं तर तिचं लाल खरं. तुझी आई गेल्याची चिठ्ठी आली की तिची आई कुठंतरी जिवंत आहे. ती तुला रताळी घालतेय ती त्यासाठी."

दिगू, तेव्हापासून ती सायकल लावते त्याचा आवाज आला की मी हातातलं टाकून दाराकडे बघत बसते. ती वाईट नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते. वाईट असती तर दार लावून घेतलं असतं.

आजीनं सांगायच्या आधीच माझ्या हातून एक होऊन गेलं होतं. मुइनं आईचं नाव आणि वय विचारलं. म्हणाली, पहिल्या तिथीला पॅगोड्यात नावं वाचतात, तुमच्या आईचंही देते. मला बरं वाटलं. मी "अनसूया" असं तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं.

काल मन राहवेना म्हणून कऱ्हाडच्या मावशीला फोन लावला. माझा आवाज मावशीनं ओळखला. मग म्हणाली, "आता कशाला फोन केलास? आता बरी आठवण झाली." मी म्हणाले, मावशी, असं का बोलतेस? तर म्हणाली, "माझी बहीण होती ती. मला बोलायला लावू नकोस," आणि ठेवला.

म्हणजे मावशीलाही तू तुझ्या बाजूला ओढलंस. काय सांगितलंस तिला माझ्याबद्दल? बहीण "होती" म्हणाली. रागात माणूस असं म्हणतं. आपल्या बाबांनी नाही का काकांशी भांडल्यावर "मला भाऊ होता" म्हटलं होतं, आणि काका तिकडे धडधाकट.

मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तसंच असेल." पण जेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

शालनताई


ऋषिपंचमी, रविवार

दिगू,

गणपती बसले. मूर्ती मीच करते, बंदरामागच्या चिकणमातीची. या वर्षी एका हातानं केली, सोंड जरा कलली आहे. ख्वेआजी म्हणाली, "वाऱ्यावर उभा असल्यासारखा दिसतो." तिनं त्याला दूध न घालता केलेले भाताचे लाडू वाहिले.

हे सगळं मी तुला शांतपणे लिहिते आहे. हा कागद तिसरा, आधीचे दोन फाडले.

अमावास्येला इथला आठवा महिना लागला. पॅगोड्यात नावं वाचतात ती त्याच दिवशी. आईचं नाव ऐकायला मिळणार म्हणून मी गेले, पुढे बसले. आधी जिवंत माणसांची नावं वाचतात, त्यांना आयुष्य मागायला. माताजींनी एकेक वाचली. मी वाट बघत होते. आईचं आलं नाही. वाटलं, परकं नाव, वाचता आलं नसेल. मग मोठी घंटा वाजली आणि गेलेल्यांची नावं सुरू झाली.

तिसरं का चौथं नाव. "आन-सू-या. भारत."

माझ्या आजूबाजूच्या बायांनी हात जोडून डोकं टेकवलं. कुणाला काय माहीत! सगळ्यांनी माझ्या आईच्या आत्म्याला शांती मागितली, दिगू, माझ्यासमोर. मी टेकवलं नाही. तेवढ्या गर्दीत मी एकटी ताठ बसले होते.

मुइ बाहेर पिंपळाखाली सायकल धरून उभी होती. मी तिचा दंड धरला. "माझ्या जिवंत आईचं नाव तू मेलेल्यांत दिलंस?"

"रागावू नका ताई."

"रागावू नको? जीभ झडेल तुझी."

"मी फक्त दार ठोठावलं," ती म्हणाली. आवाज अगदी लहान मुलीसारखा. "आत कुणी आहे का बघितलं. तुमची आई असेल तर तिला काय होतंय? नाव वाचल्यानं कुणी मरत नाही. आणि नसेल तर बिचारीला पोचेल. तुम्ही तर काही करत नाही तिच्यासाठी."

मी हात उगारला होता. प्लास्टरचाच हात उगारला गेला. खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला, त्रुक. मासेमारी करतो. रापलेला, मान खाली घालून बोलणारा माणूस. ओट्याखाली चपला काढून उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "ताई, तिच्याकडून चूक झाली. पण माझं एक काम करा. तुमची आई बरी आहे, एवढं तिला एकदा ठासून सांगा."

"कशाला?"

"ती कबर करू देत नाही. म्हणते, जित्या बाईला पुरणार नाही. जाळ्यांचं काम सोडलंय. फिलिपिन्सकडे जाणाऱ्या होडीवाल्याशी बोलून बसलीय, तिकडच्या किनाऱ्यावर शोधायला जाणार म्हणते. या वादळांच्या दिवसांत, ताई. तो होडीवाला कसला आहे मला ठाऊक आहे. एक त्या पाण्यात गेली, आता ही जाईल."

ख्वेआजी आतून म्हणाली, "सांग की गं. चार शब्दांनी तुझं काय जातंय?"

मी म्हणाले, "मला जे माहीत नाही ते मी सांगणार नाही. गणपतीसमोर तर नाहीच."

त्रुकनं मान वर केली. "तुम्हाला माहीत नाही?" म्हणाला. मग चपला घालून गेला. तो आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं.

तुझ्या हातात माझी दोन पत्रं एव्हाना पडली असतील. आता तुझ्या एका ओळीवर माझ्या घरापलीकडची एक बाईही लटकली आहे. तिच्यासाठी तरी लिही, माझ्यासाठी नको.

ताई


अनंत चतुर्दशी, मंगळवार

दिगू,

आज तू फोन ठेवला नाहीस.

मी सवयीनं "दिगू" म्हणाले आणि खटका ऐकायला कान लावून राहिले. खटका झाला नाही. तुझा श्वास ऐकू येत होता. तिथंच मला कळलं. पुढचं तू सांगितलंस ते नुसतं ऐकून घेतलं.

आषाढात. झोपेत. त्रास झाला नाही म्हणालास, त्याबद्दल देवाची ऋणी आहे. तेराव्याला सगळे विचारत होते, शालन कुठं आहे, आणि तू म्हणालास, तिला कळवलंय, तिकीट मिळालं नाही. म्हणून मावशी तशी बोलली. म्हणजे आपल्या विट्यात, कऱ्हाडात, सगळीकडे मी आई गेल्यावरही न आलेली मुलगी आहे, आणि हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग तूच रडायला लागलास. माझी पत्रं उशाखाली ठेवलीस म्हणालास, उत्तर लिहायला बसलास की हात चालेना म्हणालास. आणि तुला गप्प मीच केलं. लहानपणापासून तेच माझं काम. ठेवल्यावर मला आठवलं की तिथी विचारायची राहिली.

पायरीवरच्या त्या मुलीला मी "आहे" म्हणाले, तेव्हा आईला जाऊन महिना उलटला होता.

गणपतीचं विसर्जन ह्यांनी एकट्यानं केलं. इथं आज मुलांचा चंद्राचा सण, गल्लीभर कंदील. ख्वेआजीला वाटतंय मला ताप आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही, ह्यांनाही म्हटलंय, तिला सांगू नका.

संध्याकाळी सायकलचा आवाज आला, मी उठले नाही. उद्या उठावं लागेल.


सर्वपित्री अमावास्या, गुरुवार

दिगू,

तिथीचं पत्र तुझ्याकडून आलं नाही, म्हणून आज सर्वपित्रीला आईचं पान वाढलं. वड्याचं पीठ जरा सैल झालं, तिला आवडलं नसतं. इथं कावळे नाहीत. चिमण्यांनी आणि आजीच्या कोंबडीनं खाल्लं. कोंबडीला मी हाकललं नाही.

मागच्या पत्रानंतर काय झालं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुइ आली. सायकल लावली. हातात काही नव्हतं, रताळी नाहीत, शेंगा नाहीत. ओट्याशी उभी राहून वर बघत विचारलं, "घरून काही आलं?" पंधरा दिवसांत ती अर्धी झाली होती. डोळे मात्र असे लागले होते माझ्या तोंडाकडे, की मी पापणी हलवली तरी ती वाचील.

मी म्हणाले, "हो. काल भावाशी बोलले."

"मग?"

दिगू, मी दयेनं काही केलं असं समजू नकोस. तिच्या होडीचा विचार माझ्या मनात नंतर आला. त्या क्षणी मला एकच दिसत होतं. मी खरं बोलले तर या बाईचा चेहरा उजळेल. आपली आई गेली, हे जगात पहिल्यांदा मी तोंडानं म्हणणार आणि समोरचं माणूस आनंदानं रडणार. ते मला बघवलं नसतं.

"आई बरी आहे," मी म्हणाले. "तीही बोलली. ओसरीवर बसून शेंगा फोडत होती. माझ्या हाताचं ऐकून रागावली, म्हणाली, बघून चालत जा."

सगळं खोटं, पण आवाज आईचाच निघाला. मला माझंच नवल वाटलं.

मुइनं चपला काढल्या. ओट्याच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "शेंगा भाजून खाते की उकडून?"

"उकडून. दात नाहीत."

"माझ्या आईलाही उकडलेल्या आवडायच्या," म्हणाली. आवडायच्या, म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ख्वेआजी आतून तशीच धावत आली, हाताला पीठ. सत्तावीस वर्षांचं एकदम बाहेर पडत होतं. आम्ही दोघींनी तिला धरलं. मी एका हातानं.

वाऱ्याची कबर परवा केली. समुद्राकडच्या टेकाडावर, जिथं अशा पुष्कळ आहेत. गावातला एक म्हातारा मातीचं माणूस करतो. त्यानं तुतीच्या काटक्या मोजून मांडल्या, बरगड्या, हात, पाय, आणि त्यावर ओली माती लिंपत गेला. बाई हळूहळू दिसायला लागली. बुटकी. मुइ म्हणाली, "आई जरा उंच होती." म्हातारा म्हणाला, "सगळ्यांचीच उंच असते पोरी. तू लहान होतीस." तरी त्यानं पायाकडे दोन बोटं माती वाढवली. कागदाचे कपडे घातले, पेटीत ठेवलं. त्रुक समुद्राकडे तोंड करून आईचं नाव घेऊन हाका मारत होता, ये, घर केलंय, ये. मुइनं होडीवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम त्यानं परत आणली होती, ती त्यानं तिथंच बहिणीच्या ओंजळीत टाकली.

मुइच्या डोक्याला पांढरी पट्टी. माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "ताई, तुम्ही आलात. तुमच्या घरात चांगलं चाललेलं असताना असल्या जागी कुणी येत नाही." मग पेटीवर मूठभर माती टाकायला सगळे पुढे झाले. मलाही पुढे केलं.

मी माती उचलली. थंड होती, बंदरामागचीच, ओळखीची. तू तिकडे आईला काय काय दिलंस मला माहीत नाही, पाणी कुणी पाजलं, कुठलं लुगडं नेसवलंस, काही माहीत नाही. मी वाकले, मूठ सोडली, आणि मग मला उठता येईना. गुडघ्यांत डोकं घालून मी रडले. आषाढापासूनचं सगळं, तुझ्या त्या तिकिटासकट. किती वेळ ते सांगता येणार नाही.  मुइचं रडणं थांबून ती माझ्याकडे बघत होती, हे मला न बघता कळत होतं.

ख्वेआजीनं काखेत हात घालून मला उठवलं. उताराला लागलो तशी ती माझ्या कानाशी वाकली आणि रागे भरल्यासारखी म्हणाली, "पुरे आता. जिची आई आहे तिनं असं रडू नये गं. अपशकुन असतो."

शालनताई